नोव्ह्याची मोहीम आणि वऱ्हाड

अमरावती-अकोल्याच्या सपाट पयानघाटास दक्षिणेकडून जो बालाघाट लागतो, तेथे पैनगंगेच्या काठी हटकर नाइकांचा दीर्घकाळ वचक होता. पुढे अनेक वर्षे अकोला जिल्ह्यात मोडणारा वाशीमचा टापू याच पट्ट्यातील. त्यांपैकी नोसाजी नाइकावर १८१९ च्या सुमारास मेजर पिटमन याच्या हाताखाली निजामाची कवायती फौज चालून गेली. उमरखेडास नोसाजीने उघड्या मैदानात सामना दिला. डोंगरी लढवय्यास हे धाडस मानवणारे नव्हते. माघार घेऊन तो नोव्ह्याच्या गढीत शिरला. तेथे अरब शिबंदी होती, आणि अरब सहजासहजी शरण जाणारे नव्हेत. जानेवारीत वेढा पडला व महिनाअखेर एल्गार होऊन, मोठ्या रक्तपातानंतर, गढी हस्तगत झाली.

परंतु ही फौज कोणाची म्हणावयाची? अंमलदार इंग्रज, पगार मात्र निजामाच्या खजिन्यातून. रेसिडेंट हेन्री रसेल याच्या पुढाकाराने आणि चंदुलाल याच्या संमतीने ती उभी राहिली होती. बंड मोडले, फौज मात्र मोडली नाही. 'हैदराबाद कंटिन्जंट' या नावाने ती कायम झाली, आणि तिचा पगार थकत गेला. त्या थकबाकीपोटी व पुढील खर्चाच्या तरतुदीसाठी १८५३ च्या तहाने निजामाला बालाघाटासह कापसाचा सारा वऱ्हाड कंपनीकडे लावून द्यावा लागला. १९०२ मध्ये या व्यवस्थेचे वार्षिक २५ लाख रुपयांच्या कायम पट्ट्यात रूपांतर झाले, आणि लवकरच कंटिन्जंटच्या पलटणी ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन करण्यात आल्या.