ऑस्वाल्डचे टेकाड




२८ फेब्रुवारीला वुस्टरचे बिशप संत ऑस्वाल्ड यांचा सण असतो. आपल्याकडे त्यांचे नाव क्वचितच निघते, आणि निघाले तरी ऐकणाऱ्याला नॉर्थम्ब्रियाचे राजे संत ऑस्वाल्ड आठवतात. ते वेगळे, तीनशेहून अधिक वर्षे आधीचे. आम्ही ज्यांच्याविषयी लिहीत आहोत, त्या बिशप ऑस्वाल्डांच्या नावाने इंग्लंडमध्ये एक महालच होता. त्याचे नाव ऑस्वाल्डस्लो. या शेवटच्या ‘लो’चा अर्थ जुन्या इंग्रजीत टेकाड, मातीचा उंचवटा असा आहे. म्हणजे हे ऑस्वाल्डचे टेकाड. वुस्टर शहराच्या पूर्वेला त्या टेकाडावर मोकळ्या आभाळाखाली महालाची सभा भरत असे.

इंग्लंडमध्ये अशा महालाला ‘हंड्रेड’ म्हणत, म्हणजे सरळ ‘शंभर’. गोव्याच्या वाचकांना याचे नवल वाटणार नाही. तीस गावांची तिसवाडी आणि सहासष्ट गावांची सासष्टी त्यांच्या रोजच्या बोलण्यात आहे. तिथे मात्र मोजणी गावांची नसून ‘हाइड’ची होती. एका कुटुंबाचे पोट भरेल एवढी जमीन म्हणजे एक हाइड, आणि असे साधारण शंभर हाइड म्हणजे एक हंड्रेड. प्रत्यक्षात कुठे शंभर भरत, कुठे भरत नसत. उत्तरेला आणि पूर्वेला, जिथे डेन लोकांची वस्ती होती, तिथे बऱ्याच भागात याच गोष्टीला ‘वेपनटेक’ म्हणत.

दहाव्या शतकाच्या मध्याला निघालेला हंड्रेडविषयीचा एक राजाचा हुकूम आजही वाचायला मिळतो. दर चार आठवड्यांनी सभा भरवावी. चोरी झाली की सर्वांनी मिळून चोराचा माग काढावा, आणि जो येणार नाही त्याने दंड भरावा. गुरे विकत घ्यायची तर साक्षीदारांसमोर घ्यावीत. त्या खेड्यांत लिहितावाचता येणारी माणसे मोजकी. कोणाची जमीन कुठे संपते आणि कोणी कोणाला काय देणे आहे, हे सगळे माणसांच्या आठवणीत आणि शपथेवर उभे होते.

ऑस्वाल्ड डेन वंशाचे. काका ओडा कँटरबरीचे महागुरू. ऑस्वाल्डांनी फ्रान्समधल्या फ्लरी मठात संन्याशाचे जीवन पत्करले, ९६१ मध्ये ते वुस्टरचे बिशप झाले आणि पुढे यॉर्कचे महागुरूपदही त्यांच्याकडे आले. संत आणि जमीनदार, दोन्ही त्यांच्यात होते. त्यांनी चर्चची जमीन तीन पिढ्यांच्या कराराने लोकांना दिली. असे सत्तरहून अधिक करार टिकून आहेत. राजा एडगरला लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी कुळांची कामेही मांडली आहेत: चर्चचे देणे द्यावे, बिशपांच्या कामासाठी घोड्यावरून जावे, गरज पडल्यास घोडे द्यावेत, पूल बांधायला हात लावावा. वाचताना एखाद्या हिशेबी कारभाऱ्याचे पत्र वाटते. हाच मनुष्य उपवासकाळात रोज बारा गरिबांचे पाय धूत असे. २९ फेब्रुवारी ९९२ रोजी पाय धुऊन झाल्यावर पित्याला, पुत्राला व पवित्र आत्म्याला गौरव देत असतानाच त्यांनी प्राण सोडला. ही तारीख चार वर्षांतून एकदाच येते, म्हणून सण एक दिवस आधी.

ऑस्वाल्डस्लो हा खरे तर तिहेरी हंड्रेड होता, तीनशे हाइडचा. आधीचे तीन लहान हंड्रेड त्यात विरघळले. त्यांतल्या एकाचे नाव विनबर्गचे झाड या अर्थाचे होते, म्हणजे तिथली सभा झाडाखाली भरत असावी. बिशपांची गावे सलग नव्हती, त्यामुळे हा महालही तुकड्यातुकड्यांचा होता. काही तुकडे तर वुस्टरशायरच्या मुख्य भागापासून तुटून दुसऱ्या परगण्यांच्या पोटात शिरलेले.

१०६६ मध्ये नॉर्मन आले आणि जमिनी हिसकावल्या जाऊ लागल्या. वुस्टरचा नवा शेरीफ उर्स द’अबेतो याने किल्ला बांधताना खंदक थेट संन्याशांच्या कबरस्तानात घुसवला. महागुरू एल्ड्रेड यांनी त्याला तोंडावर शाप दिल्याची गोष्ट माल्म्सबरीच्या विल्यमने नोंदवली आहे. त्या काळी बिशप होते संत वुल्फस्टन. मूळ इंग्रज असूनही नव्या राजवटीत ते पदावर टिकले, आणि ब्रिस्टलहून आयर्लंडला होणाऱ्या गुलामांच्या विक्रीविरुद्ध उपदेश करणारे तेच. जुने कागद जपले पाहिजेत हे त्यांनी ओळखले. त्यांच्या सांगण्यावरून हेमिंग नावाच्या संन्याशाने चर्चची दानपत्रे एका ग्रंथात उतरवली, आणि कोणती जमीन कोणी लुबाडली तेही लिहून ठेवले.

भांडण केवळ शेरीफाशी नव्हते. हॅम्प्टन आणि बेंगवर्थ या गावांवरून वुल्फस्टनांचा वाद इव्हशॅमचे मठाधिपती वॉल्टर यांच्याशी झाला. म्हणजे चर्चविरुद्ध चर्च! ही गावे ऑस्वाल्डस्लोच्या हंड्रेडची देणी लागतात असे बिशपांचे म्हणणे होते. राजाच्या वतीने कुटांसचे बिशप जेफ्री निवाड्याला बसले. मठाधिपतींकडे साक्षीदार नव्हता. ठरलेल्या दिवशी त्यांनी संत एग्विन यांचे अवशेष आणले. बिशपांच्या बाजूने शपथ घ्यायला माणसे उभी होती. त्यांत एड्रिक नावाचा म्हातारा होता, एडवर्ड राजाच्या काळात बिशपांच्या जहाजाचा तांडेल. वुस्टर समुद्रापासून लांब, पण महालाला राजासाठी जहाज आणि माणसे पुरवावी लागत. त्या जहाजावर कोणत्या गावची माणसे आली होती हे तांडेलाहून जास्त कोणाला ठाऊक असणार? मठाधिपतींनी माघार घेतली.

आम्हांला हा प्रसंग फार आवडतो. एका बाजूला संताच्या पवित्र अस्थी, दुसऱ्या बाजूला खलाशाची आठवण, आणि निकाल आठवणीच्या बाजूने. त्यात संत एग्विनांचा काही अपमान झाला असे आम्हांला वाटत नाही.

१०८६ च्या डोम्सडे बुकात वुस्टरच्या चर्चचे पान याच महालाने उघडते. तीनशे हाइडचा हा हंड्रेड चर्चचा आहे, तिथले सगळे उत्पन्न जुन्या रिवाजाने बिशपांचे आहे, कोणत्याही शेरीफाला तिथे हक्क सांगता येणार नाही, अशी ती नोंद. हा हक्क खरोखर इतका जुना होता का, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. मेटलंड यांनी ऑस्वाल्डस्लोला अशा हक्काचा मोठा पुरावा मानले. पुढे पॅट्रिक वर्मल्ड यांनी म्हटले की वुल्फस्टनांनी उर्सला रोखण्यासाठी मोक्याच्या वेळी ही नोंद करून घेतली असावी. वर्मल्ड यांचे म्हणणे पटले, तरी आम्ही वुल्फस्टनांना दोष देणार नाही. त्यांनी दावा उघड, साक्षीदारांसमोर मांडला होता.

पुढे जे घडले त्याने मात्र मन खट्टू होते. राजा एडगरने ९६४ मध्ये हा महाल स्वतः चर्चला दिला, असे एक भपकेदार दानपत्र वुस्टरला होते. त्यात एडगर डब्लिनसह आयर्लंडचा मोठा भाग आपल्या ताब्यात असल्याची बढाई मारतो. एडगरने आयर्लंड कधी जिंकलेच नव्हते. आजचे बहुतेक अभ्यासक हे दानपत्र बाराव्या शतकात रचलेले मानतात. एड्रिकसारखे म्हातारे तोवर मरून गेले होते, न्यायालये कागद मागू लागली होती, आणि कोणा धार्मिक माणसाने चर्चसाठी, देवाच्या नावाने, खोटे लिहिले. त्याने स्वतःसाठी एक वीतभर जमीन घेतली नसेल. म्हणूनच त्याचा राग धरणे आम्हांला कठीण जाते, आणि त्याला सोडून देणेही कठीण जाते. ज्यांचे खरे करार सत्तरांवर टिकले, त्यांच्या नावापुढे हा एक खोटा कागद कशाला हवा होता?

हंड्रेडच्या सभा हळूहळू ओस पडल्या, कामे दुसऱ्या न्यायालयांकडे गेली, १८९४ च्या कायद्याने ग्रामीण जिल्हा परिषदा आल्या. पण नकाशावरचे तुकडे राहिले. शिपस्टन, ट्रेडिंग्टन आणि ब्लॉकली ही बिशपांच्या महालाची गावे थेट १९३१ पर्यंत वुस्टरशायरमध्येच मोजली जात होती. मग पहिली दोन वॉरिकशायरला दिली आणि ब्लॉकली ग्लॉस्टरशायरला.

आम्हांला त्या बाराव्या शतकातल्या लेखनिकाची ओळख पटते, याचे कारण सांगून टाकतो. आमच्या धर्मग्रामाच्या जयंतीच्या स्मरणिकेसाठी इतिहास लिहिण्याचे काम आमच्याकडे आले होते. बाप्तिस्म्याची सर्वांत जुनी वही एका वर्षापासून सुरू होते. समितीतल्या ज्येष्ठांना चर्च त्याहून साठ वर्षे जुने हवे होते, कारण शेजारचे चर्च जुने आहे. आम्ही म्हणालो पुरावा नाही. ते म्हणाले, “लिही की, कोणाचे काय जाते?” शेवटी आम्ही ‘परंपरेनुसार’ असा शब्द घालून ते वर्ष छापले. कोणत्याही म्हाताऱ्या माणसाला आम्ही विचारले नव्हते. परंपरा होती कुठे? ती आम्हीच त्या संध्याकाळी चहा पिता पिता तयार केली. आता ते वर्ष चर्चच्या दारावरच्या फलकावर आले आहे, आणि वर्गातली मुले तेच पाठ म्हणतात.

पुढच्या आवृत्तीत ते वाक्य काढावे आणि फलकही बदलावा, असे आम्ही फादरांना लेखी कळवले आहे. रंगाचा खर्च आम्ही देऊ असेही लिहिले. फादर म्हणाले, “ईस्टरनंतर बघू.”