पंधरा पराभवांचा उन्हाळा

गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेचा क्रिकेटचा संघ तालुक्याच्या सामन्यांत उतरला आणि रिकाम्या हातांनी परत आला. चार सामने खेळलो, चारही हरलो. परतीच्या एस.टी.त पोरे गप्प होती. बाहेर केळीच्या बागांमागे दिवस बुडत होता, आणि कुणी ओळखीचा चढलाच आणि निकाल विचारलाच तर काय सांगावे, या विवंचनेत मी होतो. एवढ्यात मागच्या बाकावरून एकाने विचारले, "हारेलसना इतिहास कोन लिखस, सर?"

मी इतिहास शिकवतो, तेव्हा प्रश्न माझ्याच वाट्याचा होता. त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. घरी आल्यावर रात्री सुचले ते असे, की हरलेल्या एका संघाचा इतिहास मला ठाऊक आहे आणि तो सांगण्यासारखा आहे. तो संघ आमच्यापेक्षा पुष्कळ मोठा होता आणि पुष्कळ अधिक वेळा हरला होता.

१९११ साली हिंदुस्थानचा पहिला सर्वधर्मीय क्रिकेट संघ विलायतेस गेला. पारशांचे दोन संघ त्यापूर्वी, १८८६ आणि १८८८ साली, जाऊन आले होते; पण ते पारशांचे होते. सगळ्या देशाच्या नावाने जाणारा हा पहिलाच. तो जाण्यापूर्वी अशा संघाचे बेत एकाहून अधिक वेळा ठरले आणि मोडले. कोणत्या जमातीचे किती गडी घ्यावेत, यावरच गाडे अडे. अखेर जमले ते ज्या काळात जमले, तो काळही ध्यानात घेण्याजोगा आहे. १ जुलै १९०९ रोजी मदनलाल धिंग्रांनी लंडनमध्ये कर्झन वायलीवर गोळ्या झाडल्या. त्याच वर्षी २१ डिसेंबरला आमच्या शेजारच्या नाशकात, विजयानंद नाट्यगृहात, अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला ठार केले. हिंदुस्थानी तरुण म्हणताच साहेबाच्या डोळ्यांपुढे पिस्तूल उभे राहू लागले होते. अशा वेळी पांढऱ्या विजारी घातलेले, हातात बॅट घेतलेले तरुण विलायतेत दिसावेत, असे काही संस्थानिकांना, धनिकांना आणि सरकारातल्या मंडळींना वाटले, यात नवल नाही. खेळाडूंना यातले किती कळत होते कोण जाणे. त्यांना लॉर्ड्‌सचे मैदान बघायचे होते.

संघात सहा पारशी, पाच हिंदू, तीन मुसलमान, आणि वर कर्णधार म्हणून पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग. महाराजांचे वय एकोणीस. त्यांच्या खर्चाशिवाय संघ निघाला नसता, म्हणून कर्णधारपद त्यांचे. पण तो उन्हाळा पंचम जॉर्जच्या राज्यारोहणाचा होता. २२ जूनला लंडनात समारंभ होता आणि महाराजांना मेजवान्यांतून सवड नव्हती. ते मोजकेच सामने खेळले. एवढ्यावर भागले असते तर चालले असते. परंतु संघातला सर्वांत चांगला फलंदाज कर्नल मिस्त्री हा त्यांच्याच पदरी नोकरीला होता, आणि धनी जिथे जाई तिथे चाकराने जावे हा दरबारी नियम. तेव्हा मिस्त्रीही मोजकेच सामने खेळला. रणजितसिंह या संघात नव्हतेच. घरधनी वऱ्हाडाबरोबर निघून गेल्यावर मागे राहिलेल्या पाहुण्यांची व्हावी तशी उरलेल्यांची गत झाली.

जूनच्या आरंभी ऑक्सफर्ड विद्यापीठाशी गाठ पडली आणि पराभवांचा पाढा सुरू झाला. लॉर्ड्‌सवर एम.सी.सी.ने एक डाव राखून हरवले. जून सरला तरी विजयाचे नाव नाही. दौरा संपला तेव्हाचा हिशेब असा: एकंदर सामने २३, जिंकले ६, हरले १५, अनिर्णित २. त्यातही पहिल्या दर्जाचे म्हणून मोजले जातात ते १४ सामने धरले, तर विजय दोनच आणि पराभव दहा.

कोणत्याही क्रीडाकोशात एवढे आकडे सापडतील. मात्र याच दौऱ्यात एका गोलंदाजाने ११४ बळी घेतले, आणि दर बळीमागे त्याने एकोणीसहूनही कमी धावा दिल्या. त्यांतले ७५ बळी पहिल्या दर्जाच्या सामन्यांतले. केंब्रिज विद्यापीठाच्या एका डावात तर १०३ धावांत आठ गडी त्याने एकट्याने बाद केले. त्याचे नाव बाळू पालवणकर. तेव्हा त्याचे वय पस्तिशीच्या घरात होते. मंदगती गोलंदाजाचेही खांदे त्या वयात कुरकुरू लागतात.

हे यश किती मोलाचे, ते त्या साली विलायतेत ऊन कसे पडले हे ठाऊक असल्याशिवाय कळायचे नाही. १९११चा उन्हाळा तिकडे फार कडक आणि कोरडा गेला. डावऱ्या हाताने चेंडू वळवणाऱ्याला ओली, मग उन्हाने चिकट झालेली खेळपट्टी हवी. विलायतेची तीच ख्याती. बाळूच्या वाट्याला मात्र फलंदाजांना धार्जिणी अशी टणक जमीन आली. आमच्या काळ्या रानात चैत्रात नांगर घालून पाहावा म्हणजे याची थोडी कल्पना येईल. त्यातून पाठीशी धावा नाहीत, कर्णधार जागेवर नाही, आणि एका बाजूने सबंध दिवस चेंडू टाकायचा.

जुलैत पहिला विजय आला तो लेस्टरशायरवर. डॉ. कांगांनी १६३ धावा काढल्या आणि बाळूने दोन्ही डाव मिळून अकरा गडी टिपले. पाठोपाठ टाँटनला सॉमरसेटशी सामना झाला. शेवटच्या डावात धावा पुष्कळ हव्या होत्या आणि गडी एकामागून एक परतत होते. बाळूचा धाकटा भाऊ शिवराम एका बाजूने पाय रोवून उभा राहिला. त्याने नाबाद ११३ धावा काढल्या. स्वतः बाळूने अर्धशतकाची भर घातली, आणि एकच गडी हाती असताना सामना जिंकला. परदेशात, हरत्या संघात, एका घरातले दोन भाऊ बाजू सावरीत आहेत असा हा देखावा. सबंध दौऱ्यातले दुसरे काही पाहायला मिळाले नाही तरी चालेल, पण टाँटनची ती दुपार मला पाहायला मिळायला हवी होती.

हे भाऊ कोण? मूळचे कोकणातल्या पालवणचे, आडनाव त्यावरूनच. जात चर्मकार, म्हणजे तेव्हाच्या भाषेत अस्पृश्य. वडील पलटणीत, म्हणून घर पुण्यात. बाळूची पहिली नोकरी पारशांच्या एका क्लबात: खेळपट्टी झाडायची, लोटायची, महिन्याला तीन रुपये. पुढे १८९२च्या सुमारास साहेबांच्या पूना क्लबात चार रुपयांवर गेला. तिथे रूळ फिरवायचा, जाळी बांधायची, आणि साहेबांना सराव म्हणून चेंडू टाकायचे. त्यात ग्रेग नावाचा एक साहेब तालेवार फलंदाज होता. तो इतरांआधी मैदानावर येई आणि बाळूपुढे तास न् तास खेळे. बाद केलेस तर आठ आणे, असा त्याचा वायदा होता असे सांगतात. अशी हजारो चेंडूंची मजुरी करून बाळूचा हात तयार झाला. बॅट मात्र त्या क्लबात त्याच्या हाती कुणी दिली नाही.

पुण्याच्या हिंदू क्लबाला साहेबांना हरवायचे होते, आणि साहेबांना बाद करण्याची विद्या तर या चार रुपयांच्या नोकराजवळ. घ्यावा की न घ्यावा, यावर बराच खल झाला. अखेर घेतला. मैदानावर तोच चेंडू सर्वांच्या हातांतून फिरे, त्याला विटाळ नसे. चहाची वेळ झाली की गडी मंडपात जात, बाळू बाहेर उभा राही, आणि त्याचा चहा मातीच्या बोळक्यातून बाहेर येई. जेवणाचे पान वेगळे मांडले जाई.

मी हे वाचले तेव्हा मला आमच्या गावचे चहाचे दुकान आठवले. माझ्या लहानपणी, म्हणजे फार जुनी गोष्ट नव्हे, त्याच्या वळचणीला खिळ्यावर एक कान तुटलेला कप टांगलेला असे. तो कुणाचा, असे मी आजोबांना विचारले होते. आजोबा वारकरी, मनाने मऊ. पण त्यांनी उत्तर दिले नाही, आणि मीही पुन्हा विचारले नाही. ती न विचारलेली गोष्ट मला आजही टोचते.

बाळूचे यश वाढत गेले तसतसे हे नियम सैल होत गेले. न्यायमूर्ती रानड्यांसारख्यांनी क्लबाच्या धुरीणांना समज दिली, असे सांगितले जाते. पुढे बाळू मुंबईस गेला, रेल्वेत लागला, हिंदूंच्या संघातून खेळू लागला. १९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्यात त्याने दोन डावांत आठ बळी घेतले. तरी एक गोष्ट सैल होईना. ती म्हणजे कर्णधारपद.

१९११ची आगबोट परतली तेव्हा मुंबईत दलित बांधवांनी बाळूचा सत्कार केला. मानपत्राचा मजकूर एल्फिन्स्टन कॉलेजातल्या एका वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने लिहिला, असे म्हणतात. त्याचे नाव भीमराव आंबेडकर. देशाच्या संघाने पंधरा सामने हरले होते, आणि त्या सभेत मात्र लोक जिंकून आल्यासारखे बसले होते. मला यात विसंगती दिसत नाही. त्यांच्यापैकी एकाने लॉर्ड्‌सवर चेंडू टाकला होता, आणि तिथे त्याला मंडपाबाहेर उभे केले गेले नव्हते.

पुढच्या चौरंगी सामन्यांत हिंदूंचा कर्णधार निवडायची वेळ आली. ११४ बळींचा धनी समोर होता. निवड झाली ती मुकुंदराव पै यांची. पै भला गृहस्थ. हा मान बाळूचा होता, असे त्यांनी स्वतः जाहीरपणे बोलून दाखवले. १९२० साली मोठा वाद झाला, बाळूचे भाऊ संघातून बाहेर पडले, मग तडजोड होऊन बाळूस उपकर्णधार नेमले. त्या सामन्यात पै मुद्दाम काही वेळ मैदान सोडून गेले, म्हणजे तेवढा वेळ तरी बाळूकडे कर्णधारपद यावे. वीस-बावीस वर्षे चेंडू टाकल्यानंतर मिळालेला हा अधिकार. १९२३ साली तिसरा भाऊ विठ्ठल मात्र रीतसर कर्णधार झाला, आणि हिंदूंनी युरोपियनांना हरवले. विठ्ठलरावांनी १९४८ साली 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र प्रसिद्ध केले. आपल्या भाषेत खेळाडूंची जुनी आत्मचरित्रे थोडी, म्हणून त्याचे मोल अधिक.

मानपत्र लिहिणारा तो विद्यार्थी एव्हाना बॅरिस्टर झाला होता. १९२९ साली अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सभासद म्हणून ते आमच्या खानदेशात आले. धुळ्याच्या कामानंतर चाळीसगावला उतरले. स्टेशनवरच्या टांगेवाल्यांनी अस्पृश्याला नेण्यास नकार दिला. टांगा मिळाला, हाकणारा मिळेना. शेवटी ज्याने कधी टांगा हाकला नव्हता असा वस्तीतलाच एक माणूस पुढे बसला. पुलावर टांगा अडखळला, डॉ. आंबेडकर दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. पुण्यातले बोळके आणि चाळीसगावचा टांगा यांत तीस-पस्तीस वर्षांचे अंतर आहे. चाळीसगाव स्टेशनावर गाडी बदलताना मला ते अंतर फारसे जाणवत नाही.

बाळू आणि आंबेडकर यांच्या वाटा पुढे वेगळ्या झाल्या. १९३२च्या पुणे करारावर दोघांच्याही सह्या आहेत. पण बाळूचा कल गांधीजींकडे होता. १९३७च्या निवडणुकीत काँग्रेसने त्याला मुंबईत आंबेडकरांच्याच विरुद्ध उभे केले. बाळू हरला: आंबेडकरांना १३,२४५ मते, बाळूला ११,२२५. काँग्रेसने त्याच्या नावाचा उपयोग करून घेतला, असे माझे मत आहे. पण अकरा हजार लोकांनी त्या नावाला मत दिले, हेही तितकेच खरे. त्याच वर्षीच्या जुलैत डॉ. आंबेडकर एका खटल्यासाठी धुळ्यास आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले. दर ३१ जुलैला तिथे माणसांची रीघ लागते. मीही एकदा पोरांना घेऊन गेलो आहे. बाळू पालवणकर ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत वारले.

सुटी संपल्यावर ही हकीकत मी वर्गात सांगितली. आकडे फळ्यावर लिहिले: २३, ६, १५, २, आणि त्याखाली ११४. एस.टी.त प्रश्न विचारणारा मुलगा पहिल्या बाकावर येऊन बसला होता. तो आमचा गोलंदाज, तोही डावराच. दौरा, राज्यारोहण, निवडणूक यांतले त्याने काही विचारले नाही.

"त्या मातीच्या बोळक्याचे पुढे काय करायचे, सर?"

"फेकून द्यायचे," मी म्हणालो. "पुन्हा वापरीत नसत."

"मंग रोज नवं?"

"रोज नवं."

त्याने वहीत काहीतरी लिहिले. तास संपल्याची घंटा झाली आणि पोरे रूळ ओढायला मैदानाकडे पळाली.