पॉलिगॉनमधील संसार

विल्यम गॉडविन व मेरी वुल्स्टनक्राफ्ट यांचा विवाह ता. २९ मार्च १७९७ रोजीं लंडन येथें झाला, तेव्हां त्यांच्या मित्रांनाहि नवल वाटलें. १७९३ सालच्या आपल्या ग्रंथांत विवाहसंस्थेवर कठोर टीका करणारा हा तत्त्वज्ञ स्वतःच बोहल्यावर उभा राहिला! कारण, मेरी गर्भवती होती. तिला पूर्वीची एक मुलगी होती; दोघांचें मात्र हें पहिलेंच अपत्य.

पॉलिगॉन नांवाच्या वस्तींत त्यांनीं बिऱ्हाड केलें. तरी गॉडविननें लेखनासाठीं जवळच निराळी जागा ठेविली. एकमेकांत विरून न जातां एकत्र नांदावें, असा उभयतांचा संकल्प होता. दिवसा दोन्ही घरांमध्यें चिठ्ठ्यांची ये-जा चाले. येणारें बाळ मुलगाच, असें धरून त्यांनीं त्याचें नांवहि ‘विल्यम’ ठरविलें होतें. ३० ऑगस्टला वेणा सुरू झाल्यावरहि मेरीनें चिठ्ठी धाडून वर्तमानपत्र मागविलें. वेळ जावयास हवा ना!

रात्रीं मुलगी झाली. पण वार अडकली. डॉक्टरनें ती हातानें तुकड्यातुकड्यांनीं काढिली. त्या हाताबरोबरच विष आंत गेलें असावें. सूतिकाज्वरानें मेरी १० सप्टेंबरला निवर्तली. प्रसूतीपूर्वीं डॉक्टरांनीं हात निर्जंतुक करावे, हा सेमेलवाइसचा नियम १८४७ सालचा; पन्नास वर्षें उशिरांचा. ती पोरकी मुलगीच पुढें ‘फ्रँकेनस्टाइन’ची लेखिका मेरी शेली झाली.

या दांपत्याच्या घरांत सुधारणा आली होती. बाळंतिणीच्या खोलीपर्यंत ती अद्याप पोंचली नव्हती.