कोलाइडल सिल्व्हर घरी बनवणं: तीन बॅटऱ्या, दोन तारा आणि पाण्यात नेमकं काय होतं?

"चांदीच्या दोन तारा घ्या, 9 व्होल्टच्या तीन बॅटऱ्या जोडा, ग्लासभर पाण्यात सोडा आणि घरच्या घरी नैसर्गिक अँटिबायोटिक तयार करा." असा व्हिडिओ तुमच्याही फॅमिली ग्रुपवर कधी ना कधी आला असेल. मागचं संगीत जोरदार, सांगणारा माणूस आत्मविश्वासाने बोलणारा, आणि शेवटी लेझर पॉइंटर मारून पाण्यात चमकणारी रेषा दाखवतो. बघणाऱ्याला वाटतं, वा, सायन्स!

मला हा विषय जवळून माहीत आहे, कारण असं एक यंत्र मी स्वतः बनवून दिलं होतं. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये माझ्या मावशीने व्हिडिओ पाठवला आणि फोन केला, "अरे, तू इलेक्ट्रॉनिक्सवाला ना, एवढं करून दे." सर्किट पाहिलं तर सर्किट कसलं, शाळेतला प्रयोग. अर्ध्या तासात झालं. ते पाणी प्यायचं की नाही हा माझा प्रश्नच नव्हता, असं तेव्हा मला वाटलं. पुढे काय झालं ते सांगतो, पण आधी यंत्र कसं चालतं ते बघू.

कोलाइडल सिल्व्हर म्हणजे काय?

चांदीचे अतिशय बारीक कण पाण्यात तरंगत ठेवले की त्याला कोलाइडल सिल्व्हर म्हणतात. दूध हेही कोलाइडच, फक्त तिथे स्निग्धांश आणि प्रथिनं तरंगतात.

घरच्या यंत्रात होतं ते इलेक्ट्रोलिसिस. पॉझिटिव्ह बाजूच्या तारेवरचा चांदीचा अणू एक इलेक्ट्रॉन सोडतो, आयन बनतो आणि पाण्यात उतरतो. निगेटिव्ह तारेवर हायड्रोजनचे बारीक बुडबुडे दिसतात. काही आयन पुन्हा एकत्र येऊन कण बनतात, पण बराचसा माल आयनच्याच रूपात राहतो. म्हणजे नाव "कोलाइडल", पण ग्लासात असतं ते बरंचसं चांदीच्या आयनांचं पाणी. व्हिडिओवाले हा फरक सांगत नाहीत.

किती चांदी उतरते? हिशोब करून बघू

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा थांबून वाचा. बारावीच्या केमिस्ट्रीतला फॅरडेचा नियम आठवतो का? तारेतून जितका चार्ज वाहतो, त्या प्रमाणात धातू विरघळतो. 1 मिलिअँपिअर करंट एक तास सोडला तर 3.6 कूलॉम चार्ज जातो आणि साधारण 4 मिलिग्रॅम चांदी सुटते. ग्लासात 250 मिली पाणी असेल, तर लिटरमागे 16 मिलिग्रॅम झाले. थोडी चांदी दुसऱ्या तारेवर चिकटते, थोडी राखाडी गाळ होऊन खाली बसते, म्हणून प्रत्यक्षात आकडा यापेक्षा कमी भरतो.

आता तुलना. भारतीय मानक ब्यूरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, म्हणजे आयएस 10500 मध्ये, चांदीची मर्यादा लिटरमागे 0.1 मिलिग्रॅम आहे. आपला ग्लास त्याच्या 160 पट! अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने रोज आयुष्यभर पोटात जायला चालेल अशी जी पातळी धरली आहे, ती शरीराच्या दर किलो वजनामागे 5 मायक्रोग्रॅम. 60 किलोच्या माणसाला दिवसाला 0.3 मिलिग्रॅम. त्या ग्लासातलं फक्त 50 मिली, म्हणजे जेमतेम अर्धा कप प्यायलं, तरी 0.8 मिलिग्रॅम.

आणि करंट 1 मिलिअँपिअरवर थांबेल, हे कोण ठरवणार? डिस्टिल्ड पाण्यातून सुरुवातीला करंट जवळपास जातच नाही. आयन उतरले की पाणी जास्त वाहक होतं, मग करंट वाढतो, मग आणखी आयन उतरतात. करंट धरून ठेवणारं सर्किट नसेल तर वेग आपोआप चढत जातो. मी मावशीला दिलेल्या डब्यात असलं काही नव्हतं. बॅटऱ्या, तारा, एक एलईडी. "पाणी थोडं पिवळं दिसलं की बंद कर," एवढीच माझी सूचना. पिवळा रंग बारीक कणांमुळे येतो, तो चांदीचा डोस सांगत नाही.

टीडीएस मीटर आणि लेझरची गंमत

आरओ लावणाऱ्याकडे असतो तो पेनासारखा टीडीएस मीटर यासाठी सर्रास वापरला जातो. "15 पीपीएम आलं, परफेक्ट!" पण हा मीटर चांदी ओळखतच नाही. तो पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि पाण्यात साधं मीठ आहे असं धरून स्क्रीनवर आकडा दाखवतो. तरंगणारे धातूचे कण त्याला जवळपास दिसत नाहीत. म्हणजे पीपीएम लिहिलेलं असतं, पण ते चांदीचे पीपीएम नसतात. चांदी खरोखर मोजायची तर प्रयोगशाळेतलं उपकरण लागतं.

लेझरची रेषा हा टिंडल इफेक्ट. पाण्यात कुठलेही बारीक कण असले तरी ती दिसते. ग्लासभर पाण्यात दुधाचा एक थेंब टाका, अगदी तशीच रेषा येईल. करून बघा, यात धोका काही नाही.

नळाचं किंवा आरओचं पाणी वापरलं तर आणखी एक होतं. त्यातल्या क्लोराइडशी चांदी जोडली जाते, पांढुरकी धुरकट झाक येते आणि उजेडात ठेवलं की ती जांभळट-राखाडी पडते. जुन्या फोटोच्या कागदावर हीच केमिस्ट्री चालायची. ती आपल्या कातडीतही चालते, त्याकडे येतोच.

पाणी आणि चांदी कुठली, हाही प्रश्न आहेच. मावशीने इन्व्हर्टरच्या दुकानातून बॅटरीचं पाणी आणलं होतं. ते बॅटरीसाठी भरलेलं असतं, पिण्यासाठी नाही. चांदी म्हणाल तर स्टर्लिंगचा दागिना 92.5 टक्के असतो, बाकी बहुतेक तांबं. ब्रिटिश काळातला आजीचा रुपया 1939 पर्यंत जवळपास 92 टक्के चांदीचा होता, पण 1940 नंतरच्या रुपयात चांदी निम्मीच, उरलेलं 40 टक्के तांबं आणि प्रत्येकी 5 टक्के निकेल आणि जस्त. असं नाणं पाण्यात सोडलं की कोणते धातू उतरतील ते तुम्हीच सांगा. आणि बॅटरीऐवजी स्वस्तातल्या चार्जरची वायर कापून वापरणारेही असतात. तो चार्जर आतून नीट आयसोलेटेड नसेल तर 230 व्होल्ट थेट ग्लासापर्यंत येऊ शकतात.

मग चांदी जंतू मारत नाही का?

मारते. इथे खोटं बोलायचं कारण नाही. चांदीचे आयन जिवाणूंची प्रथिनं बिघडवतात. भाजलेल्या जखमेवर लावतात त्या सिल्व्हर सल्फाडायझिन मलमात हेच काम होतं. 1880 च्या दशकात जर्मन डॉक्टर क्रेडे नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालू लागले आणि प्रसूतीच्या वेळी लागणाऱ्या संसर्गाने येणारं अंधत्व खूप कमी झालं. आपल्याकडे 2009 मध्ये आलेल्या टाटा स्वच्छ फिल्टरमध्ये भाताच्या तुसाची राख आणि चांदीचे नॅनो कण होते. सॅमसंगने तर कपडे धुण्याच्या मशीनमध्येही चांदीचे आयन सोडले होते.

पण ही सगळी कामं शरीराच्या बाहेरची, पृष्ठभागावरची. पोटात गेल्यावर चित्र बदलतं. जठरातलं आम्ल म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड, तिथेच आयन क्लोराइडला चिकटतात. जे रक्तात पोचतात त्यांना तिथली प्रथिनं पकडतात. जंतू मारायला मोकळी चांदी फारशी उरतच नाही. आणि चांदी हे काही लोहासारखं शरीराला लागणारं खनिजही नाही. तिची कमतरता म्हणून कुठला आजार नसतो.

अमेरिकेच्या एफडीएने 1999 मध्ये जाहीर केलं की डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकली जाणारी कोलाइडल सिल्व्हरची औषधं सुरक्षित आणि गुणकारी मानता येत नाहीत. त्यावर विक्रेत्यांनी तोच माल "फूड सप्लिमेंट" म्हणून विकायला सुरुवात केली. मार्च 2020 मध्ये कोरोनावर इलाज म्हणून हे विकणाऱ्यांना तिथे नोटिसा गेल्या. नेमक्या त्याच काळात आपल्या ग्रुपवर व्हिडिओ फिरत होते.

निळी माणसं

जास्त चांदी पोटात गेली की ती कातडीत साठते. उजेड पडला की तिचे गडद कण होतात, म्हणजे फोटो फिल्मवर व्हायचं तेच. कातडी राखाडी-निळी पडते, चेहरा आणि हात जास्त, कारण ऊन तिथे लागतं. याला अर्जिरिया म्हणतात. पहिली खूण बहुधा हिरड्यांवर किंवा नखाच्या मुळाशी असलेल्या अर्धचंद्रावर दिसते. एकदा पडलेला रंग आपोआप जात नाही. लेझर उपचाराने काहींना फरक पडतो, तोही खर्चिक आणि त्रासाचा.

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातले स्टॅन जोन्स हे लिबर्टेरियन पक्षाचे राजकारणी. 2000 साली वायटूकेमुळे कॉम्प्युटर बंद पडतील आणि अँटिबायोटिक मिळणार नाहीत, या भीतीने त्यांनी 1999 पासून घरी बनवलेलं सिल्व्हर प्यायला सुरुवात केली. वायटूके काही झालं नाही, कातडी मात्र निळी-राखाडी झाली. 2002 मध्ये ते सिनेटची निवडणूक लढले तेव्हा जगभर बातमी झाली ती त्यांच्या रंगाची. दुसरे पॉल कॅरासन. 2008 मध्ये टीव्हीवर त्यांचा निळा चेहरा सगळ्यांनी पाहिला. तेही वर्षानुवर्षं घरी बनवलेलं प्यायचे, शिवाय चेहऱ्याच्या त्रासासाठी वरून लावायचे. 2013 मध्ये ते वारले.

मावशीचं काय झालं?

निळी पडली नाही. पण ती थायरॉइडची गोळी घेते, रोज सकाळी अनशापोटी. त्याच गोळीसोबत ती चार चमचे "चांदीचं पाणी" घेऊ लागली, कारण व्हिडिओत उपाशीपोटी घ्या म्हटलं होतं. चारेक महिन्यांनी थकवा, सूज, वजन वाढलेलं. तपासणीत टीएसएच बराच वर. डॉक्टरांनी गोळीचा डोस वाढवला, तरी फारसा फरक नाही. मग एकदा त्यांनी विचारलं, "गोळीबरोबर आणखी काय घेता?" मावशीने बाटली दाखवली.

चांदीमुळे काही औषधं शरीरात कमी शोषली जातात. थायरॉइडची गोळी त्यातली एक, टेट्रासायक्लिन आणि क्विनोलोन गटातली अँटिबायोटिकंही त्यातच. मावशीच्या बाबतीत शंभर टक्के तेच कारण होतं असं डॉक्टरांनी छातीठोक सांगितलं नाही, पण पाणी बंद केल्यावर पुढच्या दोन तपासण्यांत आकडा खाली आला आणि वाढवलेला डोस पुन्हा कमी करावा लागला. तिने मला एका शब्दाने दोष दिला नाही. उलट म्हणाली, "तू बनवलंस म्हणून तर मी विश्वासाने प्यायले." ते मला जास्त लागलं.

याच घरातली बाकीची भावंडं

एकदा सिल्व्हरचा व्हिडिओ बघितला की ॲप पुढचे सुचवत जातं. बॉब बेक नावाच्या अमेरिकन माणसाने 1990 च्या दशकात मनगटाला इलेक्ट्रोड लावून "रक्तशुद्धी" करायची पद्धत लोकप्रिय केली. कोलाइडल सिल्व्हर हा तिचाच एक भाग होता, सोबत चुंबकाचं यंत्र आणि ओझोनचं पाणी. हल्डा क्लार्क यांचा 9 व्होल्टचा "झॅपर" याच जातीचा. सगळे कॅन्सर परजीवी जंतांमुळे होतात असं त्या लिहायच्या. 2009 मध्ये त्या मल्टिपल मायलोमाने, म्हणजे कॅन्सरनेच वारल्या.

पाय पाण्यात बुडवून "विष बाहेर काढणारं" फूट डिटॉक्स मशीन तर मॉलमध्येही दिसतं. पाणी तपकिरी होतं ते लोखंडी इलेक्ट्रोड गंजल्यामुळे. पाय न बुडवता मशीन चालू करायला सांगा, पाणी तरीही तपकिरीच होईल.

यातलं सगळ्यात घातक म्हणजे "एमएमएस" किंवा "मिरॅकल मिनरल". ते क्लोरीन डायऑक्साइड, सरळ ब्लीच. ते विकणाऱ्या फ्लोरिडातल्या ग्रेनन बापलेकांना 2023 मध्ये कोर्टाने दोषी ठरवलं. हे कुणी घेत असेल तर वाद घालत बसू नका, आधी थांबवा आणि दवाखान्यात न्या.

जेवताना चांदीचं भांडं वापरता, मिठाईवर वर्ख असतो, त्याची काळजी करू नका. घन चांदी साध्या पाण्यात नगण्य विरघळते. बॅटरी जोडल्यावर गोष्ट बदलते.

घरात कुणी पीत असेल तर

आधी विचारा, किती दिवसांपासून आणि किती. मग हिरड्या आणि नखांची मुळं दिवसाच्या उजेडात बघा. मोबाइलच्या फोटोवर विसंबू नका, व्हाइट बॅलन्समुळे निळसर झाक फोनच पुसून टाकतो. चालू असलेल्या गोळ्यांची यादी आणि ती बाटली, दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे जा. मोठ्या माणसांना "व्हिडिओ फेक आहे" म्हटलं की ते चिडतात. मी मावशीला दुधाच्या थेंबावर लेझर मारून दाखवला. ती दोन मिनिटं ग्लासाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मग तो माणूस दूधच विकत होता म्हणायचा."

डबा मी परत आणला. बॅटऱ्या आता मल्टिमीटरमध्ये आहेत, आणि चांदीच्या तारा मावशीने सोनाराला देऊन नातीसाठी वाळे करून घेतले.