भिवंडीतील वीजवितरण आणि विद्युतदाबातील घट : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना
ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे देशातील अग्रगण्य यंत्रमाग केंद्र होय. येथील विणकराची मजुरी प्रामुख्याने विणलेल्या कापडावर ठरते. त्यामुळे विद्युतदाब घसरून माग थांबला की मजुरीही थांबते. भिवंडीतील वीजवितरणाचा इतिहास बहुधा गळतीच्या टक्केवारीतून सांगितला जातो. प्रस्तुत लेखात तो विद्युतदाबाच्या अंगाने पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी
विद्युत अधिनियम २००३ नुसार जून २००५ मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन वितरणाची जबाबदारी महावितरणकडे आली. त्या सुमारास भिवंडीतील एकूण तांत्रिक व वाणिज्यिक हानी ५० टक्क्यांहून अधिक होती आणि रोहित्रे जळण्याचे प्रमाणही मोठे होते. या पार्श्वभूमीवर २६ जानेवारी २००७ पासून टोरंट पॉवर या कंपनीने वितरण फ्रँचायझी म्हणून १० वर्षांसाठी कारभार हाती घेतला. परवाना मात्र महावितरणकडेच राहिला. देशातील अशा स्वरूपाचा हा आरंभीचा प्रयोग मानला जातो.

घटीची दोन रूपे
विद्युतदाबातील घट दोन प्रकारची असते. पहिली अतिभारातून येते. आकडे टाकून घेतलेली वीज, अपुरी रोहित्रे व लांबलचक लघुदाब वाहिन्या यांमुळे ती दीर्घकाळ टिकते. प्रवर्तन मोटारीचे बल दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. दाब १० टक्क्यांनी घटल्यास ते सुमारे १९ टक्क्यांनी कमी होते. मोटार मग अधिक प्रवाह खेचते, तापते आणि रोहित्रावरील ताण वाढविते.

दुसरी घट दोषजन्य असते. तारा एकमेकींना चिकटल्या वा वाहक तुटून जमिनीवर पडला, तर उपकेंद्रातून प्रचंड प्रवाह वाहू शकतो. हा प्रवाह सामाईक रोहित्रातून जात असल्याने शेजारच्या निर्दोष वाहिन्यांवरील दाबही क्षणभर कोसळतो.

उपाययोजना
या दोहोंवरील उपाय भिन्न आहेत. कपॅसिटर बसविल्याने पहिली घट बरीच सावरते. दुसरीत त्याचा उपयोग अल्प, कारण दाब घसरताच कपॅसिटरची क्षमताही वर्गाच्या प्रमाणात घटते. तेथे रिले व सर्किट ब्रेकर यांनी सदोष भाग त्वरित अलग करणे, वाहिन्यांचे विभाजन करणे आणि नियमित देखभाल हेच खरे उपाय ठरतात. भिवंडीत २००७ नंतर जाळ्याचे नूतनीकरण, मीटर बदलणे व वीजचोरीविरोधी मोहीम ही कामे बरोबरीने झाली. पहिल्या काही वर्षांतच हानी मोठ्या प्रमाणात घटली. २०१७ मध्ये कराराला आणखी १० वर्षांची मुदतवाढ मिळाली. तथापि देयके व कारवाईच्या पद्धतीविषयी ग्राहकांची आंदोलनेही झाली, हे नोंदविणे आवश्यक आहे.

निष्कर्ष
हानीची टक्केवारी कंपनीचा ताळेबंद सांगते. विणकराचा दिवस सांगत नाही. बेकायदा जोडण्या कमी झाल्याने अतिभाराची घट सौम्य होते, परंतु दोषजन्य घट केवळ वसुलीने टळत नाही. म्हणून फ्रँचायझी धोरणाचे मूल्यमापन करताना वाहिनीनिहाय दाबाच्या व खंडित पुरवठ्याच्या नोंदींनाही गळतीच्या आकड्यांइतकेच स्थान मिळणे अगत्याचे आहे.