मुलूखमैदान तोफ आणि न्यूटनचा तिसरा नियम

विजापूरच्या शेरझा बुरुजावर मुलूखमैदान नावाची जी प्रचंड तोफ आहे, ती मूळची विजापूरची नव्हे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. ती आमच्या नगरची. पहिल्या बुऱ्हाण निजामशहाच्या कारकिर्दीत, इ. स. १५४९ मध्ये, महंमद बिन हुसेन रूमी या कारागिराने ती अहमदनगरास ओतली, आणि तसा लेख तिच्या अंगावरच कोरलेला आहे. तांबे व कथील यांच्या मिश्रधातूची ही तोफ लांबीने साडेचौदा फुटांस किंचित कमी असून वजनाने सुमारे पंचावन्न टन भरते. तिचे तोंड म्हणजे जबडा पसरलेला सिंह असून त्याच्या दाढेत हत्ती चिरडला जात आहे. १५६५ सालच्या तालिकोटच्या रणांगणावर ती होती असे सांगतात. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यात गेली, आणि तेथून १६३२ मध्ये मुरार जगदेवाने ती विजापुरास नेली. १८५४ साली इंग्रज अंमलदारांनी ती लिलावात काढली, तेव्हा दीडशे रुपयांची बोली झाली होती. सुदैवाने तो सौदा रद्द झाला. आपल्या भाषेत मात्र फर्ड्या वक्त्याला ‘मुलूखमैदान तोफ’ म्हणण्याची रूढी पडली, आणि खरी तोफ सहलीला जाणाऱ्या मुलांच्या पाठीखालची घसरगुंडी होऊन राहिली.

प्रस्तुत लेखक इतिहासाचा अध्यापक आहे. पदार्थविज्ञानात त्याची गती बेताचीच. तरीही या तोफेकडे मी वळलो तो इतिहासासाठी नव्हे, तर शाळेतल्या एका जुन्या प्रसंगामुळे.

आमची शाळा जिल्ह्यातल्या ऊसकरी भागात होती. सातवी-आठवीच्या सुमारास ‘क्रिया आणि प्रतिक्रिया’ हा धडा आला. गुरुजींनी नियम सांगितला, आम्ही तो घोकला, आणि तो स्पष्ट करावा म्हणून गुरुजी म्हणाले, “म्हणजे काय, जशास तसे!” वर्गात ऊसतोड कामगाराचा एक मुलगा होता. तो उभा राहिला आणि म्हणाला, “गुरुजी, बैल गाडीला जेवढं ओढतो तेवढंच गाडी बैलाला मागं ओढती, तर मग गाडी हालती कशी?” वर्ग हसला. गुरुजी म्हणाले, “तुझे बैल अर्धपोटी असतील,” आणि वर्ग पुन्हा हसला. हसणाऱ्यांत मीही होतो. परीक्षेत तो नियम अचूक लिहून मी पैकीच्या पैकी गुण मिळविले. तो मुलगा दिवाळीनंतर शाळेत दिसला नाही. याचे कारण गाळपाचा हंगाम हे होते, ते हसणे नव्हे, हे मला चांगले कळते; तथापि दोन्ही गोष्टी स्मरणात एकत्रच राहिल्या आहेत.

तीसएक वर्षांनी न्यूटनच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर सहज चाळीत असता तिसऱ्या नियमाखालचे विवेचन दृष्टीस पडले, आणि मी थबकलो. न्यूटनने नियम सांगून लगेच दोन दाखले दिले आहेत. बोटाने दगड दाबला तर दगडही बोटास दाबतो, हा पहिला. दोरीने बांधलेला दगड घोडा ओढीत असेल, तर घोडाही दगडाकडे तितकाच मागे ओढला जातो, हा दुसरा. म्हणजे वर्गाने ज्यास हसून खाली बसविले, तो प्रश्न प्रत्यक्ष ग्रंथकर्त्याच्या दाखल्यातच दडलेला होता. फरक इतकाच की त्या मुलाने घोड्याच्या जागी बैल जुंपले होते.

दोष केवळ गुरुजींचा नव्हता. बराचसा शब्दांचाही होता. एकोणिसाव्या शतकात केरूनाना छत्र्यांसारख्यांनी पदार्थविज्ञान मराठीत आणण्याचे जे कष्ट घेतले, त्यांविषयी कृतज्ञताच बाळगली पाहिजे. परंतु ‘प्रतिक्रिया’ हा शब्द व्यवहारात आपण कोणत्या अर्थाने वापरतो? कोणी आधी काही केले, त्यावर दुसऱ्याने मागाहून जे केले, ती प्रतिक्रिया. ‘जशास तसे’ यातही हीच कल्पना आहे: आधी आगळीक, मग परतफेड. न्यूटनच्या नियमात आधी-मागून काही नाहीच. दोन्ही बले एकाच क्षणी उत्पन्न होतात. कोणते क्रिया आणि कोणते प्रतिक्रिया हे ठरविणे केवळ बोलण्याची सोय होय. गुरुजींना दुसरी म्हण सुचली असती तर? ‘एका हाताने टाळी वाजत नाही’ ही म्हण भांडणाच्या प्रसंगी आपण नेहमी वापरतो. तिच्यात नियमाचा निम्मा अर्थ आयताच आहे. डाव्या हातास लागते तेवढेच उजव्यास लागते, आणि त्याच वेळी लागते.

उरलेला निम्मा अर्थ असा, की ही दोन बले एकाच वस्तूवर पडत नाहीत. त्या मुलाचा घोटाळा येथेच होता, आणि तो उलगडण्यास त्याच्याच घरचा अनुभव पुरेसा होता. गाडी बैलास मागे ओढते हे खरे. पण बैल त्याच वेळी खुरांनी भुईस मागे रेटतो, आणि भुई बैलास पुढे रेटते. हा रेटा गाडीच्या ओढीहून अधिक झाला की बैल पुढे सरतो. गाडीचे चाक अडविणाऱ्या घर्षणाहून बैलाची ओढ अधिक झाली की गाडी सरते. चिखलात खूर घसरू लागले की तेच बैल, तीच ताकद, पण गाडी जागची हालत नाही. कारण भुई रेटा देईनाशी होते. हे गाडीवानाच्या मुलास सांगावयाचे नव्हते, त्याच्याकडून वदवून घ्यावयाचे होते.

आता पुन्हा तोफेकडे. गोळा पुढे सुटताना तोफ मागे येते, हे महंमद रूमीस आणि त्याच्या गोलंदाजांस पुरेपूर माहीत होते. अज्ञान येथे जिवावर बेतले असते. दख्खनच्या किल्ल्यांत मोठ्या तोफांच्या पिछाडीस धक्का झेलणारी दगडी भिंत घातलेली आढळते, ती या ज्ञानाचीच साक्ष होय. मात्र त्यांना धक्का ठाऊक होता, त्याचे माप ठाऊक नव्हते. औरंगजेबाने १६८६ च्या सप्टेंबरात विजापूर घेतले आणि या तोफेवर आपल्या विजयाचा लेख कोरविला. पुढल्याच वर्षी, १६८७ च्या जुलैत, लंडनला न्यूटनचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. नगरची तोफ त्या नियमाहून १३८ वर्षांनी वडील आहे.

ते माप आता सातवीच्या मुलासही काढता येते. तोफेच्या तोंडाचा व्यास सुमारे सव्वादोन फूट. तेवढ्या काळ्या दगडाचा गोळा, माझ्या हिशेबाने, पाचशे किलोच्या आतबाहेर भरेल. तोफ त्याच्या शंभराहून थोडी अधिक पट जड. दोघांवरचे बल सारखे, वेळही सारखी. म्हणून गोळ्यास सेकंदाला तीनशे मीटर वेग मिळाला, तर तोफेस मागे पावणेतीन मीटरांच्या जवळपास मिळेल. दारूच्या धुराचा धक्का मी येथे धरलेला नाही; तो धरला तर आकडा वाढेल. बल समान आणि परिणाम असमान, ही गोष्ट घोकून कळत नाही, ती अशा भागाकाराने कळते.

गेल्या हिवाळ्यात पाथर्डी तालुक्यातील एका खेड्यात शाळेतल्या मुलांपुढे इतिहासावर बोलण्याचा योग आला. इतिहास थोडा बाजूस ठेवून मी पोरांचे बेअरिंगचे दोन गाडे मागविले. एकावर वर्गातला सर्वांत दांडगा मुलगा, दुसऱ्यावर एक किरकोळ मुलगी, मध्ये कासरा. मुलाने ओढावे, मुलीने नुसते धरावे, असे ठरले. दोन्ही गाडे सरकले. मुलीचा पुष्कळ, मुलाचा थोडा. मग मुलीने ओढले, तरी तसेच झाले. कोणी कोणाला ओढले यावर वर्गात पाच मिनिटे भांडण चालले. अखेर ती मुलगीच म्हणाली, “दोघांनी दोघांला ओढलं.” मग मी बैलगाडीचा तो जुना प्रश्न, तो कोणाचा हे न सांगता, पुढे ठेवला. चिखल आणि खूर ही दोन्ही माझ्या मदतीशिवाय पुढे आली. बैल भुईला मागे ढकलतो, येथवर मुले आपली आपण पोहोचली. तेव्हा मागच्या रांगेतून एका मुलाने विचारले, “मग भुई मागं का जात न्हाई, सर?”

मी म्हणालो, “जाते.” वर्ग हसला, पण या वेळी हसे माझे झाले होते. मी खडू घेतला आणि मुलूखमैदानाचे गणित पुन्हा मांडले: गोळ्याच्या जागी बैलजोडी, तोफेच्या जागी पृथ्वी. पृथ्वीचे वजन किलोत लिहावयाचे म्हणजे सहावर चोवीस शून्ये. ती मांडता मांडता फळा संपला, आणि खिचडीची घंटा झाली.