आर्तेमिसिया जेंतिलेस्की

आर्तेमिसिया जेंतिलेस्की (८ जुलै १५९३ – १६५४ नंतर) ही बरोक काळातील इटालियन चित्रकार होती. चित्रकार ओराझियो जेंतिलेस्की याची ती मुलगी असून तिचे कलाशिक्षण वडिलांच्या चित्रशाळेत झाले. बायबल आणि पुराणकथांतील करारी स्त्रियांच्या चित्रणासाठी ती विशेष प्रसिद्ध आहे.

कौटुंबिक पार्श्वभूमी

आर्तेमिसियाचे आजोबा फ्लॉरेन्सचे सोनार होते, तर थोरले काका आउरेलिओ लोमी हे चित्रकार होते. ओराझियोने लोमी हे कुलनाम सोडून मामाचे जेंतिलेस्की हे नाव धारण केले. रोममध्ये स्थायिक झाल्यावर त्याच्यावर काराव्हाज्जोच्या छायाप्रकाशाच्या शैलीचा मोठा प्रभाव पडला.

आर्तेमिसियाचा जन्म रोममध्ये झाला. ती बारा वर्षांची असताना, १६०५ मध्ये, तिची आई वारली. त्या काळी परक्या चित्रकाराकडे राहून उमेदवारी करण्याची मुभा मुलींना नसे. त्यामुळे चित्रकाराच्या घरी जन्मलेल्या मुलीलाच हे शिक्षण सहसा मिळू शके. रंग घोटणे, कॅनव्हास तयार करणे, रेखाटन ही कामे ती भावांबरोबर घरीच शिकली आणि लवकरच त्यांच्या पुढे गेली. तीन वर्षांच्या सरावात तिने असे प्रावीण्य मिळवले की तिच्या तोडीचे कोणी नाही, असे ओराझियोने १६१२ मधील एका पत्रात लिहिले आहे. मात्र लिहिणे-वाचणे तिला घरी शिकवले गेले नाही.

‘सुझाना आणि वडीलधारे’ (१६१०) हे तिचे पहिले स्वाक्षरीकृत चित्र. सतराव्या वर्षी काढलेल्या या चित्रात दोन पुरुषांच्या लंपट नजरेने शहारलेली सुझाना दिसते. स्वाक्षरी असूनही यात वडिलांचा हात किती, हा वाद पुढे दीर्घकाळ चालला.

खटला

१६११ मध्ये ओराझियोचा सहकारी चित्रकार आगोस्तीनो तास्सी याने आर्तेमिसियावर बलात्कार केला. ओराझियोच्या तक्रारीवरून १६१२ मध्ये खटला उभा राहिला आणि तो सुमारे सात महिने चालला. साक्षीची सत्यता पारखण्यासाठी तिच्या बोटांना दोऱ्या बांधून त्या आवळण्यात आल्या. चित्रकाराच्या बोटांना हा धोका असूनही ती आपल्या जबानीवर ठाम राहिली. तास्सी दोषी ठरला. परंतु हद्दपारीच्या शिक्षेची अंमलबजावणी झाली नाही. खटल्याची कागदपत्रे आजही उपलब्ध आहेत.

स्वतंत्र कारकीर्द

खटल्यानंतर तिचा विवाह पिएरांतोनिओ स्तियात्तेसी याच्याशी झाला आणि ती फ्लॉरेन्सला गेली. तेथे ती लोमी हे मूळ कुलनाम वापरीत असे. येथेच ती लिहिण्या-वाचण्यास शिकली. १६१६ मध्ये तिला तेथील कलाअकादमीचे सदस्यत्व मिळाले. हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री होय. मेदिची घराण्याचा आश्रय तिला लाभला आणि गॅलिलिओशी तिचा परिचय झाला.

‘होलोफर्नेसचा शिरच्छेद करणारी जुडिथ’ या विषयावरील तिची दोन चित्रे नेपल्सच्या कापोदिमोन्ते आणि फ्लॉरेन्सच्या उफीझी संग्रहालयांत आहेत. त्यांत दासी बाजूला उभी न राहता जुडिथच्या बरोबरीने शत्रूला दाबून धरते. या चित्रांचा संबंध तिच्यावरील अत्याचाराशी जोडला जातो. परंतु केवळ सूडाचे चित्रण म्हणून त्यांकडे पाहिल्यास रचना आणि प्रकाशयोजना यांवरील तिचे प्रभुत्व दुर्लक्षित राहते.

१६३० पासून तिचे वास्तव्य मुख्यतः नेपल्समध्ये होते. दरम्यान ती लंडनला गेली. राजा पहिला चार्ल्स याच्या दरबारी असलेल्या ओराझियोचे तेथेच १६३९ मध्ये निधन झाले. ग्रिनिच येथील राणीच्या प्रासादातील छतचित्रांत तिने वडिलांना साहाय्य केले असावे, असे काही अभ्यासक मानतात. चित्रकला ही स्त्रीरूपात रंगवण्याचा तेव्हा संकेत होता. ‘चित्रकलेच्या रूपातील आत्मचित्र’ या कृतीत तिने ते रूप स्वतःलाच दिले. पुरुष चित्रकाराला हे शक्य नव्हते.

पुनर्मूल्यांकन

मृत्यूनंतर तिचे नाव मागे पडले आणि तिची काही चित्रे वडिलांच्या नावे नोंदली गेली. १९१६ मध्ये रोबेर्तो लोंगी यांनी या पिता-पुत्रीवर लेख लिहिला. १९४७ मध्ये आन्ना बांती यांची तिच्यावरील कादंबरी प्रसिद्ध झाली. १९७० नंतर स्त्रीवादी कलेतिहासाने तिचा नव्याने अभ्यास केला. २०२० मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीत तिच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. ज्या घराने तिला कला दिली, त्याच घराच्या नावाआड तिचे कर्तृत्व दीर्घकाळ झाकलेले राहिले होते.